गाईचं सुतक

ब्राझीलमध्ये एखादं म्हातारं जनावर मेलं की चीनला किती दिवसांचं सुतक लागतं? धर्मशास्त्रात उत्तर नाही, पशुवैद्यकशास्त्रातही नाही. २०१९ मध्ये ते दहा दिवसांत फिटलं. २०२१ मध्ये शंभर दिवस उलटले तरी फिटेना. २०२३ मध्ये महिन्याभरात आटोपलं. रोग तिन्ही वेळा तोच होता.

रोगाचं नाव मॅड काऊ. हे दोन शब्द ऐकले की १९९६ चं ब्रिटन आठवतं. गवत खाणाऱ्या गाईंना तिथे मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी खाऊ घातली होती. त्यातून रोग पसरला, आणि माणसांच्या मेंदूच्या एका जीवघेण्या आजाराशी त्याचा संबंध असावा, हे त्या मार्चमध्ये सरकारला कबूल करावं लागलं. आठवड्याभरात युरोपने ब्रिटिश गोमांसाला दार बंद केलं. त्याच्या सहा वर्षं आधी, १९९० मध्ये, कृषिमंत्री जॉन गमर यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलीला कॅमेऱ्यांसमोर बर्गर देऊ केला होता. सगळं कसं सुरक्षित आहे, हे पटवायला.

ब्राझीलमध्ये सापडतो तो या रोगाचा दुसरा प्रकार. तो चाऱ्यातून येत नाही. जनावर म्हातारं झालं की लाखांत एखाद्याला आपोआप होतो, म्हातारपणी माणसालाही काहीबाही होतंच की. म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१२ पासून ब्राझीलला ‘नगण्य जोखीम’ या वर्गात ठेवलंय, आणि असं एखादं प्रकरण निघालं म्हणून तो दर्जा जात नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अशी दोन जनावरं सापडली, एक मिनास जेराइसमध्ये, एक मातो ग्रोसोमध्ये. संघटनेने काही दिवसांत फाइल बंद केली. चीनने ब्राझीलच्या गोमांसाला दार उघडलं ते १५ डिसेंबरला.

गंमत म्हणजे हे दार ब्राझीलने स्वतःच्या हाताने लावलेलं होतं. २०१५ च्या करारात कलमच आहे: असं जनावर सापडलं की ब्राझीलने आपणहून निर्यात थांबवायची. लावायची कडी ब्राझीलची, काढायची मर्जी चीनची. आणि चीन ब्राझीलच्या गोमांस निर्यातीतला निम्मा माल घेतो. निम्मं गिऱ्हाईक एकटंच असेल तर त्याच्या मर्जीला कायदाच म्हणायचं.

आता मर्जी कशी चालते ते बघा. २०१९ मध्ये चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हरने डुकरांचे कळपच्या कळप साफ केले होते. डुकराचं मांस म्हणजे तिथलं रोजचं कालवण. भाव भडकत होते, मिळेल तिथून मांस हवं होतं. सुतक दहा दिवसांचं. २०२१ मध्ये डुकरं परत आली होती, भाव कोसळले होते, आयात महाग पडत होती. घाई कशाला? त्यात ब्राझीलचे अध्यक्ष होते बोल्सोनारो. त्या मे महिन्यात त्यांनी, चीनचं नाव न घेता, करोनाचा विषाणू प्रयोगशाळेत जन्मला असेल असं सुचवून पुढे विचारलं होतं की कोणत्या देशाची अर्थव्यवस्था सगळ्यांत जास्त वाढली. गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून गिऱ्हाइकाला शिव्या द्यायच्या, हा धंद्याचा नवा प्रकार. सुतक शंभर दिवसांचं. या गोष्टी बेरजेत मांडून कुणी अधिकृत उत्तर दिलेलं नाही आणि देणारही नाही; बेरीज मी करतोय.

२०२३ ची बेरीज तर पोरही करेल. फेब्रुवारीत पारा राज्यातल्या मराबात नऊ वर्षांचा असा एक बैल सापडला. निर्यात थांबली. अध्यक्षपदी आता लुला, आणि मार्चअखेर त्यांचा बीजिंग दौरा ठरलेला. कृषिमंत्री कार्लोस फावारो आधीच तिथे पोहोचले होते. २३ मार्चला बंदी उठली. दोन दिवसांनी लुलांना न्यूमोनिया झाल्याने दौरा पुढे ढकलल्याची बातमी आली. पाहुण्यांना ताप आला, पण बैल तोवर शुद्ध होऊन गेला होता!

इथवर वाचून कुणी म्हणेल, आरोग्याच्या बाबतीत ताक फुंकून प्यायलं तर बिघडलं काय? काहीच नाही. पण दुधाने तोंड कधी पोळलं होतं ते बघू.

१७ मार्च २०१७. ब्राझीलच्या केंद्रीय पोलिसांनी हजाराहून जास्त माणसं घेऊन छापे घातले. मोहिमेचं नाव ‘कार्ने फ्राका’, म्हणजे कमकुवत मांस. आरोप असा की सरकारी निरीक्षक लाच घेऊन खराब मालावर शिक्के मारत होते. संशयाच्या भोवऱ्यात २१ कारखाने आले, त्यात जेबीएस आणि बीआरएफ या दोन बड्या कंपन्यांचेही. ३३ अधिकाऱ्यांना कृषी खात्याने घरी बसवलं. लाचेतला वाटा राजकीय पक्षांपर्यंत गेल्याचं पोलिसांनीच सांगितलं, आणि त्या पक्षांत अध्यक्ष मिशेल टेमेर यांचाही पक्ष होता. कोंबडीत पुठ्ठा मिसळतात, अशी एक आवई टेप ऐकून उठली. तो पुठ्ठा खोक्यांचा होता, असा खुलासा कंपनीने केला. तेवढं बाजूला ठेवलं तरी उरतं ते पुरेसं होतं.

टेमेर यांनी काय केलं? रविवारी परदेशी राजदूतांना घेऊन ब्राझिलियातल्या एका भाजलेल्या मांसाच्या रेस्तराँत जेवायला गेले. गमर यांचा बर्गर, फक्त मोठ्या ताटात. तिथे परदेशी मांस वाढतात असं एका वर्तमानपत्राने छापलं, अन् राजवाड्याला खुलासा करत बसावं लागलं की नाही हो, ताटातलं सगळं ब्राझीलचंच होतं.

चीनने तेव्हाही दार लावलं. उघडलं कधी? २५ मार्चला. म्हणजे शिक्का विकणारे निरीक्षक, त्यांना पोसणारे कारखाने आणि पैसे खाणारे पक्ष, या सगळ्यांचं प्रायश्चित्त साधारण आठवड्यात उरकलं. आणि नियम पाळून, प्रयोगशाळेत तपासून, आपणहून जगाला कळवलेल्या दोन म्हाताऱ्या जनावरांना शंभर दिवस. चोर सोडून संन्याशाला सुळी. पुढच्या वेळी एखाद्या अधिकाऱ्याला म्हातारी गाय लडखडताना दिसली तर तो फोन उचलेल की मान फिरवेल, हे तुम्हीच ठरवा.

अमेरिकेने मात्र २०१७ च्याच जूनमध्ये ब्राझीलचं ताजं गोमांस थांबवलं आणि २०२० उजाडेपर्यंत उघडलं नाही. कारण मांसात गळवं सापडली होती. ब्राझीलचं म्हणणं, ती लाळ्या-खुरकुताच्या लशीची गळवं आहेत. रोग टाळायला टोचलेली सुई, आणि तिच्या खुणेमुळे माल परत. शेतकऱ्याने कपाळाला हात लावायचा की जनावराच्या मानेला?

टेमेर यांच्या जेवणाला एक उत्तरार्ध आहे. जेबीएस ही कंपनी १९५३ मध्ये गोइयास राज्यात एका खाटिकाने सुरू केलेली. सरकारी विकास बँकेने ‘राष्ट्रीय विजेते’ घडवायचे म्हणून तिच्यावर पैसा ओतला, आणि तिने अमेरिकेतल्या स्विफ्ट आणि पिलग्रिम्स प्राइड या कंपन्या खिशात घातल्या. मालकांपैकी एक, जोएस्ली बतिस्ता, मार्च २०१७ मध्ये रात्री टेमेर यांना भेटायला गेले आणि खिशात रेकॉर्डर घेऊन गेले. कार्ने फ्राकाच्या दहा दिवस आधीची ही गोष्ट. टेप मे महिन्यात बाहेर आली. अठराशेहून जास्त राजकारण्यांना पैसे दिल्याचं कंपनीच्या अधिकाऱ्याने जबाबात सांगितलं. बतिस्तांच्या समूहाने १०.३ अब्ज रियाल दंड कबूल केला. टेमेर यांच्यावर खटला चालवायला संसदेने दोनदा नकार दिला. कंपनी आज न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे. आणि ट्रम्प यांच्या २०२५ च्या शपथविधी निधीला सगळ्यांत मोठी, ५० लाख डॉलरची देणगी कुणाची? पिलग्रिम्सची.

ती देणगी ब्राझीलच्या कामी आली म्हणाल तर तसंही नाही. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ब्राझीलच्या मालावर ५० टक्के कर लावायचं पत्र धाडलं. कारणांत पहिलं कारण: बोल्सोनारोंवर चाललेला खटला. इथे आजारी गाय शोधायचेही कष्ट घेतले नाहीत. विमानं वगळली, संत्र्याचा रस वगळला. गोमांस आणि कॉफी अडकली. मग अमेरिकी दुकानांत गोमांसाचा भाव उच्चांकाला गेला, मतदार कुरकुरू लागला, आणि २० नोव्हेंबरला गोमांस सुटलं. बोल्सोनारो सुटले नाहीत.

फ्रान्सची तऱ्हा आणखी वेगळी. नोव्हेंबर २०२४ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांना खूश करायला कारफूर या दुकानसाखळीच्या प्रमुखाने जाहीर केलं, दक्षिण अमेरिकेचं मांस फ्रान्समध्ये विकणार नाही, ते आमच्या निकषांत बसत नाही. ब्राझीलच्या मांस कंपन्यांनी कारफूरच्या ब्राझीलमधल्या दुकानांचा पुरवठा तोडला. सहा दिवसांत माफीचं पत्र आलं. पत्रात ब्राझीलच्या मांसाचा दर्जा उत्तम असल्याचं लिहिलं होतं. निकष आठवड्यात सुधारतात, फक्त फडताळं रिकामी व्हावी लागतात.

या सगळ्यात ज्यांच्या नावाने सुतक पाळतात ती गुरं कुणाची? आपलीच म्हणा. ब्राझीलच्या कळपातलं सर्वांत मोठं गोत म्हणजे नेलोर, आंध्रच्या ओंगोल जनावरांचा वंश. गीरही तिथे गुजरातेतून गेली. वियातिना-१९ नावाच्या एका नेलोर गाईची किंमत ४० लाख डॉलरच्या वर ठरली, गिनीज बुकात नोंद आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१५ पासून बैल कापायलाही बंदी, आणि देश म्हशीचं मांस विकण्यात जगात अग्रेसर. आपण ब्राझीलला हसायचं ते बेतानेच.

ब्राझीलमध्ये माणसांपेक्षा गुरं जास्त आहेत. मातो ग्रोसो हे सर्वांत जास्त गुरांचं राज्य. त्याच्या राजधानीत, कुइआबात, जुलै २०२१ मध्ये एका खाटिकाच्या दुकानासमोर रांग लागली होती. मांसासाठी नाही. तो फुकट वाटत असलेल्या हाडांसाठी. त्या वर्षी ब्राझीलमध्ये माणशी गोमांस खाण्याचं प्रमाण दोन दशकांहून जास्त काळातल्या तळाला गेलं. मग चीनची शंभर दिवसांची बंदी आली तेव्हा देशातच पडून राहिलेलं मांस स्वस्त झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. गुरांच्या बाजारात भाव पडले, शेतकरी बुडाला; दुकानातला भाव फारसा हलला नाही. निर्यात चालू असली की चीन खातो, बंद पडली की शीतगृह खातं. पुढच्या वर्षी लुलांनी प्रचारात लोकांना पिकान्याचं, म्हणजे पाठीमागच्या चरबीदार मांसाचं, आणि बिअरचं स्वप्न दाखवलं, आणि निवडून आले. हाडांच्या रांगेतली मतं कुणी मोजली नाहीत, पण ती होती.

कोंबड्यांचं थोडक्यात सांगतो. मे २०२५ मध्ये रिओ ग्रांदे दो सुल राज्यातल्या एका पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला. जूनमध्ये ब्राझीलने रोगमुक्तीची घोषणा केली. काही देशांनी फक्त त्या भागापुरती बंदी घातली होती. चीनने सगळ्या देशावर घातली आणि नोव्हेंबरमध्ये उठवली. त्याच मे महिन्यात जागतिक पशुआरोग्य संघटनेने ब्राझीलला लशीविना लाळ्या-खुरकुतमुक्त देश ठरवलं होतं. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं.

मग २०२६ उजाडलं. १ जानेवारी २०२६ पासून चीनने गोमांस आयातीला देशवार कोटा लावलाय, तीन वर्षांसाठी. ब्राझीलच्या वाट्याला साधारण ११ लाख टन. त्याहून जास्त पाठवलं तर ५५ टक्के जादा कर. २०२५ मध्ये ब्राझीलने याहून बरंच जास्त पाठवलं होतं. कारण दिलंय ते चीनमधल्या पशुपालकांच्या संरक्षणाचं. पूर्ण आदेशात एकही आजारी गाय नाही.