मग माझ्याशी भांडला कोण?

अगं वैशाली, एकटीच हसतेय म्हणून बघतेस ना? तो नितीन बघ. कधीचा त्या गवत कापायच्या मशिनमागे नुसता पुढे नि मागे. मला एकदम एक खेळ आठवला. कॉम्प्युटरवरचा, १९८८चा. नाव 'ॲडव्हान्स्ड लॉनमोअर सिम्युलेटर'. एम दाबून धरायचं, की माणूस गवत कापणार. झाला खेळ!

थट्टाच होती गं. 'युअर सिंक्लेअर' म्हणून मासिक होतं, त्यांचं एप्रिल फूल. तिथल्याच डंकन मॅकडोनल्डचं काम. कंपनीचं नावही बनावट, गार्डनसॉफ्ट. आणि वाचक एवढे वस्ताद, की याहून भिकार खेळ मुद्दाम तयार करून धाडायला लागले. शेवटी मासिकाला भिकार खेळांचं वेगळं सदरच काढावं लागलं.

स्पेक्ट्रम नावाच्या कॉम्प्युटरवरचे खेळ होते हे. तुमच्याकडेही होता? हां हां, तो डेसिबेल्सचा! १९८६ला भारतात निघालेला. मामेभावाकडे होता म्हणतेस, म्हणजे त्या रबरी बटणांचं नि टेपच्या किंचाळ्यांचं तुला सांगायला नको. नाही? त्याच्यावर प्लॅस्टिकची होती? मग तुम्ही सुखी. आमच्याकडे रबरी. १९८२ला आला तेव्हा मोठ्या मॉडेलला १७५ पौंड पडायचे. बाबांनी दम धरला, किंमत उतरल्यावर घेतला. दादाच्या अभ्यासासाठी! दादाने काय अभ्यास केला ते तुला माहीतच आहे.

तर टेपवरून एकेक खेळ चढायला चांगली पाच मिनिटं. मध्येच अडकला की पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्या वेळात करायचं काय? मासिक वाचायचं. मी तर खेळाला हातही लावायची नाही, पण मासिक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मला त्या लिहिणाऱ्या माणसांत रस. एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या छापील काढायचे, वाचकांच्या पत्रांचीही खैर नाही. नि त्या सगळ्या पोरांवर संपादक कोण, तर बाई! टेरेसा मॉन, काही वर्षं तिच्याच हातात होतं. त्या पोरांतल्या फिल साउथला सगळे 'स्नाउटी' म्हणायचे. आमच्या वर्गातल्या मुलींची नावं विसरले मी, हे स्नाउटी प्रकरण मात्र लक्षात.

खरं सांगू? आता वाचलं तर निम्मे विनोद शाळकरी वाटतात. पण तेव्हा आम्ही शाळेतच होतो की.

आणि भांडणं! शेजारच्या मासिकाशी तर विचारू नकोस. 'क्रॅश' निघायचं श्रॉपशरमधल्या लडलो गावातून. परीक्षणं लिहायला तिथलीच शाळेतली पोरं धरलेली. या क्रॅशवाल्यांनी १९८५ला 'सिंक्लेअर यूझर'ची नक्कल छापली, 'अनक्लिअर यूझर' म्हणून. त्या 'यूझर'ची कंपनी मोठी, तिला कुठे पचतेय? तडक कोर्ट. मनाई हुकूम आला, नि जे अंक विकायचे राहिले होते त्यांतून ती पानं काढावी लागली. ज्याच्याकडे पानांसकट अंक, त्याची काय ऐट असेल!

आता 'युअर सिंक्लेअर'वाल्यांतलं कोण कुठे गेलं ऐक. मार्कस बर्कमन क्रिकेटवर पुस्तकं लिहायला लागला. १९९५ला 'रेन मेन' आलं, स्वतःच्या रद्दड टीमबद्दल. टीमला नाव कोणाचं, तर कॅप्टन स्कॉटचं. का? तर तो दक्षिण ध्रुवावर दुसरा पोचला म्हणून! दुसरा तो स्टुअर्ट कॅम्पबेल. हा पुढे 'अमिगा पॉवर' मासिकात. त्यांचा नियम असा, की साधारण खेळाला पन्नासच टक्के. बाकीची मासिकं सत्तरऐंशी अशी खिरापत वाटायची, त्यामुळे खेळ विकणाऱ्या कंपन्या यांच्यावर खार खाऊन. माझ्या मते एवढंच एक मासिक गुण द्यायला शिकलं होतं. असो. तर हा कॅम्पबेल आता स्कॉटलंड वेगळा व्हावा म्हणून हमरीतुमरीवर येऊन लिहितो. आणि वर्षानुवर्षं राहिला कुठे? बाथला! इंग्लंडात! हो ना, मीही तेच म्हणते.

आणि तू ती 'ब्लॅक मिरर' मालिका रात्री एकटी बघून घाबरली होतीस ना? ती लिहिणारा चार्ली ब्रूकर पूर्वी 'पीसी झोन' मासिकात खेळांची परीक्षणं लिहायचा नि कार्टूनं काढायचा. बघ, कुठला माणूस कुठे पोचला.

१९९३च्या सप्टेंबरात 'युअर सिंक्लेअर' बंद पडलं, ९३व्या अंकावर. तोवर स्पेक्ट्रम कोण घेतंय? मासिक चाललं तेच नवल. त्या मानाने अमिगा पॉवरने १९९६ला जाताना धमाल केली, शेवटच्या अंकात आपल्याच लेखकांना एकेक करून मारून टाकलं.

दादा मात्र क्रॅशवाला. तिथे पत्रांना उत्तरं द्यायचा लॉइड मॅन्ग्रम. एवढं कॉम्प्युटरचं मासिक, आणि हा बसणार टाइपरायटर घेऊन. दादाने काहीतरी तावातावाने लिहिलं, त्यावर लॉइडचं खरमरीत उत्तर छापून आलं. अजून महाराष्ट्र मंडळात कोणी भेटलं की त्या उत्तराची गोष्ट निघतेच. परवा मी सांगितलं त्याला, अरे, लॉइड नावाचा माणूसच नव्हता, ते सगळं ऑफिसातलं सोंग. तर क्षणभर गप्प, नि मग म्हणतो कसा, "मग माझ्याशी भांडला कोण?"