वर गेलेले फोटो

बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठलाही निर्णय घ्यायचा म्हटलं की आधी कागदावर उभी रेघ मारावी लागते. एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. लेकीसाठी आलेली स्थळं मी अशीच तपासली होती. (लग्न तिने रेघेबाहेरच्या मुलाशी केलं, तो भाग वेगळा.) त्यामुळे फोनने ‘जागा संपली’ म्हणून तिसऱ्यांदा टाहो फोडला आणि लेक बेंगळुरूहून म्हणाली, “बाबा, क्लाउडवर टाका की सगळं,” तेव्हा मी जुन्या डायरीचं कोरं पान काढलं.

जमेच्या बाजूला पहिली नोंद २६ जुलै २००५ची. तेव्हा आम्ही बदलापूरला तळमजल्यावर राहायचो. त्या दिवशी उल्हास नदी न विचारता घरात आली आणि कपाटाचे खालचे दोन खण बघून गेली. लग्नाचा अल्बम तिथेच होता. वाळवून उघडायला गेलो, तर पानं एकमेकांवर बसलेली. हिच्या नथीवर माझं कपाळ. आम्ही दोघं एकमेकांना इतके घट्ट चिकटलेले त्या अल्बमखेरीज कुठेच सापडणार नाही. तर, घराबाहेर एक प्रत हवी. हा मुद्दा मी दोनदा अधोरेखित केला.

नावे बाजूला भाडं. गुगल १५ जीबी फुकट देतं, ॲपल ५, ड्रॉपबॉक्स २. त्यापुढे महिन्याला पैसे, तेही कायमचे. गुगलवर तर पूर्वी जरा दाबून बसवलेले फोटो कितीही ठेवता यायचे. ती सवलत १ जून २०२१ला संपली आणि माझं कुतूहल त्यानंतर जागं झालं. मी रांगेत उभा राहिलो आणि खिडकी बंद झाली नाही, असं आयुष्यात क्वचितच घडलंय.

शिवाय त्या १५ जीबीत फोटो, फाइली आणि मेल सगळे एकाच खोलीत. खोली भरली की नवीन मेल येणंही बंद. लॉकरचं भाडं थकलं, तर बँक निदान टपालाने नोटिसा पाठवते आणि मगच साक्षीदारांसमोर लॉकर फोडते. इथे नोटीस यायची ती त्याच तुंबलेल्या पेटीत! या विचाराने मला एक रात्र झोप लागली नाही.

‘क्लाउड नेमका असतो कुठे’ यावरही अर्धं पान गेलं. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोली-महापेकडे खिडक्या नसलेल्या अवाढव्य इमारती दिसतात, त्यातल्या काही डेटा सेंटर आहेत, हे कळल्यावर मला हायसं वाटलं. आत नुसती यंत्रं, त्यांना गार ठेवायला अखंड वातानुकूलन, वीज गेली तर जनरेटर. माझे फोटो तिथेच राहतील की सिंगापूरला, कोण जाणे. पण निदान जमिनीवर असतील.

तीन आठवडे हा ताळेबंद चालला. पान इतकं देखणं झालं की मी त्याची झेरॉक्स काढून कपाटात ठेवली आणि एक फोटो काढून सांगलीच्या मेव्हण्याला पाठवला. मग मुहूर्त पाहून एका कंपनीची १०० जीबी जागा भाड्याने घेतली. चार रात्री फोन चार्जिंगला लावून नऊ हजार फोटो वर चढवले. पाचव्या दिवशी सकाळी फोन मोकळा करायला बसलो.

‘फोनमधली जागा मोकळी करा’ असं एक बटण असतं, हे मला नंतर कळलं. मी आपला बोटाने एकेक महिना निवडून पुसत गेलो. मध्येच फोनने विचारलं, ‘सर्व उपकरणांवरून काढायचे?’ लोकांना तीस वर्षं ‘वाचून सही करा’ सांगणाऱ्या मी न वाचता होकार दिला. हॉलमधून ही ओरडली, “अहो, टॅबमधले फोटो एकेक करून चाललेत! कुठे चाललेत?”

“कुठे म्हणजे? वर!” मी अभिमानाने म्हणालो.

शेवटी कचरापेटी दिसली. पुसलेले फोटो त्यात काही आठवडे पडून राहतात. मला घाणेरडेपणा खपत नाही. तीही रिकामी केली.

संध्याकाळी लेकीने व्हिडिओ कॉलवर सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. “बाबा, तुम्ही माळ्यावर सामान टाकल्यासारखं केलंत. हे सिंक आहे. इथे पुसलं की सगळीकडे पुसलं जातं.”

आता यात नवीन काय होतं? बँकेत कोअर बँकिंग आलं तेव्हा काउंटरवर बसून मीच समजावत होतो, “आजोबा, दादरला पैसे काढलेत ना, मग डोंबिवलीत शिल्लक कशी राहील? खातं एकच आहे.” एका आजोबांवर तर मी चिडलोही होतो. त्यांची मनोमन क्षमा मागितली.

मग नातेवाइकांकडे जोगवा. व्हॉट्सॲपवरून फोटो परत आले, पण वाटेत आटून. नातवाच्या बारशात नातू कुठला आणि उशी कुठली, हे हिलाच ओळखता येतं. माझे जे आले, त्यांतल्या निम्म्यांत मी खांबाआड आहे. वेगळ्या फोल्डरमध्ये असल्यामुळे सुप्रभातची फुलं आणि गॅसच्या पावत्या मात्र सहीसलामत वाचल्या.

लेकीने तीन-दोन-एकचा नियम शिकवला : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरात या नियमात बसणारी एकच गोष्ट निघाली. मूळ डायरीत, झेरॉक्स कपाटात, तिसरी मेव्हण्याच्या फोनमध्ये, थेट सांगलीत.

काल मेव्हण्याचा फोन आला. “दाजी, काय टिपण काढलंय हो तुम्ही! आमचे वीस वर्षांचे फोटो आहेत. तुम्हीच या आणि तुमच्या हाताने वर चढवून द्या.”

मी हो म्हणणार, तेवढ्यात हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला.