आधी दाराला कडी

14416. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा हा नंबर केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022ला सुरू केला. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. उत्तम सोय आहे. आता नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात मळ्यात राहणाऱ्या सुनेने हा नंबर कुठे बसून लावायचा, तेवढं सांगा.

घर दोन खोल्यांचं. पुढे सासरे आणि टीव्ही, मागे सासू आणि पोरांची दप्तरं. ओट्यावर आली की "कोणाशी बोलतेस गं?" कांदाचाळीच्या मागे गेली तर तिथे निवडायला बसलेल्या बायका. फोन घरात सगळ्यांचा, त्यामुळे कोणाला लावला, किती वेळ लावला, हे संध्याकाळपर्यंत घरभर. ऑनलाइन समुपदेशनाच्या जाहिराती म्हणतात, घरबसल्या मन मोकळं करा. अहो, घरात मन मोकळं करता येत नाही, म्हणून तर तिला तुमची गरज आहे!

ज्याला हे काम कळतं तो समुपदेशक दुःखाला लगेच हात घालत नाही. आधी विचारतो, आत्ता तुम्ही कुठे आहात? जवळ कोण आहे? मध्येच कोणी आलं तर आपण काय बोलत होतो म्हणून सांगायचं? रेंज गेली तर मी उलट फोन करू की नको? अगदीच वेळ आली तर तुमच्याजवळ लगेच कोण पोचेल? व्हिडिओ जड जात असेल तर नुसत्या आवाजावर भागवतो, तेही जमत नसेल तर मेसेजवर. ही पाच मिनिटं वाया गेली असं वाटणाऱ्याने हा धंदा करू नये. बाईच्या बाजूला सासू बसलेली असताना "नवऱ्याशी पटतं का?" असं विचारणं म्हणजे मदत नव्हे, तिच्या संसारात नवी काडी टाकणं आहे.

वेळेचंही तसंच. शहरातला समुपदेशक सकाळी दहा ते संध्याकाळी सहा भेटतो. त्या वेळेत इथला माणूस शेतात, नाहीतर ट्रॅक्टर घेऊन उमराण्याच्या बाजार समितीत. तो एकटा सापडतो रात्री, शेतीची लाईट रात्रपाळीला असते तेव्हा. मोटर चालू करून बांधावर बसलेला असतो आणि डोकं भणभणत असतं. लग्न जमत नाही, भरतीत दोन मार्कांनी गेलं, भाऊबंदकीचा बांध कोर्टात आहे. बोलायला लागला की मी उदास आहे असं म्हणत नाही. जीव लागत नाही म्हणतो, छातीत धडधडतं म्हणतो, आणि तेही अहिराणीत. त्याला प्रमाण मराठीतली प्रश्नावली वाचून दाखवली की तो "बरं आहे" म्हणून फोन ठेवतो.

आणि कांद्याचं काय? 7 डिसेंबर 2023ला केंद्राने निर्यातबंदी घातली, ती उठली 4 मे 2024ला. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रस्ते अडले. त्या काळात झोप उडालेल्या शेतकऱ्याला तुमचे विचार नकारात्मक आहेत असं सांगणं हा मला त्याचा अपमान वाटतो. भाव पडणं हा विचारातला दोष नाही. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली. ती नीट समजलेला माणूस भावाला हात लावत नाही. भाव पडला म्हणून मी बाप म्हणून नालायक ठरलो, या उडीला तो हात लावतो. उडी चुकीची, भाव खराच. एवढा फरक ज्याला करता येतो त्याच्याकडे जावं. बाकी पाट्या पुष्कळ आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. लाइफ कोच म्हणवून घ्यायला फोनला चार्जिंग पुरतं. पैसे भरण्याआधी शिक्षण आणि नोंदणी विचारायला लाजू नका. आणि जगणं नकोसं झाल्याचं कोणी बोललं, तर पुढच्या सेशनची वाट न बघता त्याच्याजवळ माणूस बसला पाहिजे, डॉक्टर गाठला पाहिजे.

यावरचा रस्ता शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यात, 2013 मध्ये 'आत्मीयता' हा उपक्रम सुरू झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राने गावातलेच लोक निवडले, त्यांना ऐकून घ्यायला शिकवलं, स्मार्टफोनवर छोट्या फिल्म दिल्या. दारू, घरातली भांडणं, बेकारी, सगळे विषय गावचेच. ओळखीचा माणूस शेजारी बसून फिल्म दाखवतो, मग बोलणं निघतं. गरज पडली तर तोच पुढे दवाखान्यात पाठवतो. पुढे हे काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात गेलं.

पेठमधलं काम मेहसाण्याला जाऊ शकतं, तर त्याच जिल्ह्यातल्या देवळ्यात का नाही? आणि ते येईपर्यंत निदान इतकं करा. आरोग्य उपकेंद्रातली एक खोली आठवड्यातून दोन दुपारी मोकळी ठेवा. आत एक खुर्ची, एक फोन, दाराला आतून कडी. बाई बाहेर आली की बीपी तपासायला गेले होते असं घरी सांगू शकेल, कोणी वर मान करून बघणार नाही. खर्च जवळजवळ नाहीच. ग्रामसभेत हायमास्टचा ठराव एकमताने होतो. या खोलीचा ठराव मांडायला पहिला हात कोणाचा वर होतो, ते मला बघायचं आहे.