सपाटी

आमचे लीडर नव्या माणसाला आडनाव विचारत नाहीत, गाव विचारतात आणि त्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची स्वतःच सांगतात. पुणे त्यांच्या लेखी शहर नाहीच. ते ५६० मीटर आहे.

बारा वर्षांपूर्वी ते मनालीहून सायकल हाणत खारदुंगलाला चढले, ते अजून पुरते उतरलेले नाहीत. कुणाचं पंक्चर झालं की "लडाखला तर…". चहा पांचट निघाला की "लडाखला तर पाणी ब्याऐंशीलाच उकळतं". खिंडीतल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असे. नंतरच्या मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८० फूट भरली. हे आमच्यातला एक इंजिनिअर एकदा बोलून गेला. "मग उरलेले आठशे फूट माझे गुडघे कशावर चढले?" तेव्हापासून त्या आठशे फुटांचा विषय कुणी काढत नाही.

अशा माणसाने अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची सहल आखली. सायकली रो-रोत घालून भाऊच्या धक्क्यावरून मांडवा, पुढे वीसेक किलोमीटर, पाण्यातल्या त्या बेटावर किल्ला पाहायचा आणि समोरच्या किनाऱ्यावर तंबू. नियोजनाच्या कागदावर गियर होते, मिठाच्या गोळ्या होत्या, चांदणं मिळावं म्हणून मुद्दाम निवडलेली त्रिपुरी पौर्णिमा होती. वाटेत चढ म्हणावा असा एका मोरीचा उंचवटा लागला. तिथे त्यांनी नऊ जणांना थांबवून श्वासावर व्याख्यान दिलं.

सव्वाअकराला किनारा गाठला. किल्ला होता, पण मधे समुद्रही होता, काठोकाठ. घोडागाडीवाले घोडे सोडून गप्पा मारत बसले होते. लीडरांनी हँडलवरच्या यंत्राकडे पाहिलं. उंची: उणे ३ मीटर. उणे चिन्ह त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं असावं. त्यावर हळूच अंगठा ठेवला.

शहाळीवाल्या मावशींनी कोयता पुसत विचारलं, "पुनवेला दुपारचे आलात? तिथीची पाऊणपट करायची की. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरती."

"समुद्रसपाटी म्हणतात ना," इंजिनिअर पुटपुटला, "ती सपाट नसते वाटतं."

संध्याकाळी ओहोटीत, जिला मावशी सुकती म्हणतात, आम्ही ओल्या वाळूतून चालत किल्ल्यात गेलो. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड पाण्याची विहीर. आंग्र्यांच्या आरमाराने हीच जागा का धरली, ते एका घोटात कळलं. लीडर मात्र गप्प होते. परतल्यावर त्यांनी दुपारच्या भरतीने वाळूवर सोडलेली कचऱ्याची रेघ शोधली, तिच्या वर मोजून दहा पावलं चालले आणि तंबू ठोकला. इतकी शास्त्रशुद्ध जागा आम्ही पाहिली नव्हती. मग उणे दहा अंशांसाठी घेतलेल्या स्लीपिंग बॅगेत ते शिरले, कोकणातल्या थंडीला मान देऊन.

आम्ही आळशी, म्हणून वर सुरूच्या झाडांखाली पसरलो होतो. बाराच्या आधी ओरडा ऐकू आला. चांदणं अपेक्षेप्रमाणे उत्तम पडलं होतं. त्यात लीडर भिजलेली बॅग बगलेत मारून वर येताना स्पष्ट दिसत होते, एक चप्पल हातात, दुसरी समुद्रात.

सकाळी मावशी म्हणाल्या, "थंडीत रातची भरती दिवसापेक्षा मोठी. विचारायचं तरी." लीडरांनी दोन शहाळी घेतली आणि सुट्टे परत मागितले नाहीत.

परतीच्या रो-रोत शेजारी एक अनोळखी सायकलवाला बसला. त्याची साखळी वाळूने करकरत होती. "हे काहीच नाही," लीडर म्हणाले. आम्ही सवयीने लडाखची वाट पाहू लागलो. "अलिबागच्या उधाणात तर…"

मांडवा सुटलं तेव्हा त्या गोष्टीत पाणी घोट्याला लागत होतं. भाऊचा धक्का दिसू लागला तेव्हा ते छातीपर्यंत चढलं होतं. इंजिनिअरने तोंड उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि मिटलं.