तिसरी वाटी

आमच्या जिन्याला टू-वे स्विच आहे, एक बटण खाली, एक वर. एका रात्री मी वरून दिवा घालवला आणि नेमका त्याच क्षणी बाबांनी खालून. दिवा आपला जळतोच आहे. मग दोघांची खटाखट सुरू झाली.

"अरे, मी बंद करतोय ना!"

"बाबा, मीपण तेच करतोय!"

शेवटी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "एकानं कुणीतरी हात आवरा!" मी आवरला. दिवा गेला.

हाच एक्सॉर. दोघांपैकी एकच खरा असेल तर उत्तर खरं. दोघंही खरे निघाले की खोटं. 'ऑर' बिचारा दोघांनाही सांभाळून घेतो. मराठीला हा भेद ठाऊक आहे. यजमानांनी "चहा की कॉफी?" विचारलं, की एकच मिळणार हे पाहुण्याला कळतं. जॉर्ज बूलनं १८५४ साली तर्काचं बीजगणित मांडलं, त्यातली बेरीजही एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांचीच होती. म्हणजे गृहस्थ 'की'वालाच. दोघांना चालवून घेणारा 'किंवा' पुढे जेव्हन्सनं आणला.

सी भाषेत एक्सॉरचं चिन्ह म्हणजे इवलीशी टोपी. मला ती घाताची खूण वाटली. दहाचा वर्ग काढायला दहा, टोपी, दोन असं लिहिलं. उत्तर आलं ८. मी आधी संगणकावर संशय घेतला.

पण खरा घात पुढे झाला. आमटीची वाटी आणि ताकाची वाटी यांतला माल अदलाबदल करायचा तर तिसरी रिकामी वाटी लागते. एक्सॉरला लागत नाही. तीनदा एक्सॉर केला, की इकडचं तिकडे! ही करामत शिकल्यावर मी ती दिसेल तिथे वापरत सुटलो. पगारांची यादी उतरत्या क्रमानं लावणाऱ्या प्रोग्रॅममध्येसुद्धा.

यादी आली. पहिल्याच ओळीत साहेब, पगार शून्य.

झालं होतं असं, की साहेब मुळातच पहिल्या जागेवर होते, त्यामुळे प्रोग्रॅमनं त्यांची अदलाबदल त्यांच्याशीच केली. वाटी एकच असेल तर पहिल्याच एक्सॉरला ती रिकामी होते.

"मीच शून्य कसा?" साहेबांनी विचारलं.

"सर, तुम्ही आधीपासूनच योग्य जागी होतात, म्हणून."

हे त्यांना इतकं आवडलं, की अकाउंट्सवाल्यांना बोलावून त्यांनी मला ते परत सांगायला लावलं. मी सांगितलं आणि जागेवर जाऊन गुपचूप तिसरी वाटी घेतली.