संचालक मिळतात, सभासद पाहिजेत

उत्पादक कंपनी काढायला कायद्यानं किमान दहा शेतकरी लागतात आणि किमान पाच संचालक. आमच्या चाकूर तालुक्यात (एकट्या चाकूरला कशाला नाव ठेवा, अहमदपूर, उदगीर, लोहा, कंधार, सगळीकडं तेच) हा हिशोब उलट्या बाजूनं सुरू होतो. आधी संचालक ठरतात. एक स्वतः, एक भाऊ, एक मेव्हणा, चौथा राजकारणातून नुकताच रिकामा झालेला कार्यकर्ता आणि पाचवा सीएच्या ओळखीचा. मग शेतकरी शोधायला निघायचं. तोवर लेटरहेड छापून झालेलं असतं, फाट्यावर बोर्ड लागलेला असतो आणि त्या बोर्डावर कंपनीच्या नावापेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा असतो.

तसं कायद्यात वाईट काही नाही. 2002 च्या दुरुस्तीनं ही तरतूद आली. तिच्यामागं अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांची समिती होती. शेतकऱ्यानं मालक व्हावं, धंदा कंपनीच्या शिस्तीनं करावा, पण मत मात्र माणशी एकच. सहकारी संस्थांच्या मानगुटीवर निबंधक असतो, तसा इथं नको, हाही एक मुद्दा. निबंधक गेला. मानगूट मोकळी दिसल्यावर तिथं पुढारी येऊन बसला.

29 फेब्रुवारी 2020 ला केंद्रानं अशा दहा हजार कंपन्या काढायची योजना सुरू केली. तरतूद 6,865 कोटींची. एका कंपनीला तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत चालवायचा खर्च, त्यात सीईओला महिना 25 हजारांपर्यंत पगार. अट एवढीच, की मैदानी भागात किमान 300 सभासद पाहिजेत. तीनशे माणसं धंद्यासाठी जमवायची म्हटलं तर वर्षं जातात. आधारच्या झेरॉक्सपुरती जमवायची तर दोन आठवडी बाजार पुरतात. पीकविम्याला म्हणून दिलेली झेरॉक्स कुणाच्या रजिस्टरात जाऊन बसली, हे बिचाऱ्या सभासदाला कळतसुद्धा नाही. तीन वर्षं सीईओ असतो. चौथ्या वर्षी अनुदान थांबतं आणि सीईओ पतसंस्थेत लागतो. बोर्ड राहतो. त्यावर पुढं नीटच्या कोचिंग क्लासचं फ्लेक्स चढतं. लातूर जिल्हा आहे शेवटी.

मधल्या काळात एक काम मात्र प्रत्येक कंपनी मनापासून करते. अभ्यास दौरा. ठिकाण ठरलेलं: नाशिक जिल्ह्यातलं मोहाडी, सह्याद्री फार्म्स. विलास शिंदे आणि त्यांच्या सोबतच्या द्राक्ष बागायतदारांनी उभी केलेली ही कंपनी खरोखर बघण्यासारखी आहे. आमची मंडळी रात्रीची ट्रॅव्हल्स करून जातात, सकाळी शीतगृहाच्या दारात फोटो काढतात, द्राक्षं खातात आणि दुपारी वणीला देवीच्या दर्शनाला निघतात. 2010 साली रासायनिक अंश सापडले म्हणून युरोपनं भारताची द्राक्षं अडवली होती. त्या दणक्यानंतर तिकडच्या निर्यातदार बागायतदाराला फवारणीच्या नोंदी आणि तपासणीचे रिपोर्ट जिवापाड सांभाळावे लागले. बघायचं ते असतं. पण रजिस्टरासोबत सेल्फी बरी येत नाही.

आता आमच्या चाकूरविषयी. 361 क्रमांकाचा महामार्ग चाकूरवरून जातो. त्याच्या कामाचे तुकडे पाडले तेव्हा एक झाला औसा ते चाकूर आणि दुसरा चाकूर ते लोहा. म्हणजे रस्तेवाल्यांच्या लेखी चाकूर हे गाव नाही, निविदेचं टोक आहे. तालुक्यात रेल्वेचं जंक्शन आहे, त्याचं नाव लातूर रोड. लातूरला जायचं म्हणून नवखा माणूस तिथं उतरला, की लातूर अजून लांब आहे असं त्याला फलाटावर कळतं. सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र चाकूरला आहे, सीमा कुठल्या कुठं असली तरी. आणि माणसाचं म्हणाल तर या गावानं दिल्लीला शिवराज पाटील चाकूरकर दिले. लातूरचे सात वेळा खासदार, 1991 ते 96 लोकसभेचे अध्यक्ष, 2004 ते 2008 देशाचे गृहमंत्री. एवढ्याशा गावाला याहून मोठा माणूस काय मिळायचा!

त्याचा एक तोटा झाला, आणि त्यात त्यांचा दोष नाही. विकास हा ताफ्यातून येतो, हे आमच्या अंगवळणी पडलं. त्यामुळं इकडं चार लोक एकत्र आले की त्यांची पहिली उपसमिती स्वागताची असते. "साहेब येऊलालेत, निवेदन तयार ठिवा," एवढ्या एका वाक्यावर आमच्या कितीतरी विकास मंडळांचा संसार चालतो. निवेदनात मागण्या बारा. बारावी मागणी एमआयडीसीची, कारण ती मागायला खर्च येत नाही.

सगळ्यात थोरल्या मंडळाची गोष्ट तर विचारूच नका. मराठवाड्याचा अनुशेष काढायला 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं. 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली आणि वाढवली गेली नाही. 2022 च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं ते पुन्हा स्थापायचं ठरवलं. ठरवलं. रस्ते, सिंचन, नोकऱ्या यांच्या अनुशेषाच्या यादीत आता खुद्द मंडळाचंही नाव घालायला हरकत नाही.

हे सगळं पुरुषांचं झालं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर सरकारनं जागतिक बँकेच्या पैशावर घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण हाती घेतलं. पैसा होता, इंजिनिअर होते, पण घरातल्या बाईशी बोलणारं कुणी नव्हतं. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावच्या बायकांनाच संवाद सहायक म्हणून उभं केलं. हप्ता कधीचा, सिमेंट किती, गवंडी कुठं काटकसर करतोय, याची चौकशी त्या करायला लागल्या. आता सरकारी रीत अशी, की कार्यक्रम संपला की गट मोडायचा. या बायकांना ती रीत कुणी सांगितली नसावी. घरं झाली, आणि त्या बचतीला लागल्या. पुढं दुष्काळाच्या वर्षांत याच संस्थेनं एक एकर शेतीची पद्धत रुजवली: घरच्या रानातला अर्धा-एक एकर बाईनं मागून घ्यायचा, त्यात आधी घराला लागणारी डाळ, भाजी, ज्वारी घ्यायची, आणि उरेल ते विकायचं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पाण्याच्या रेल्वेला हार घालायला आमचे सगळे पक्ष स्टेशनवर होते. पारितोषिकाचं कुणाच्या फ्लेक्सवर दिसलं नाही.

हल्ली सरकारच्या उमेद अभियानाचे बचत गट गावोगाव आहेत. त्यांची पंचसूत्री साधी आहे: नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. यातलं एकही सूत्र आमच्या कंपन्यांच्या घटनेत सापडायचं नाही. गटात पेटी एकीकडं आणि किल्ली दुसरीकडं. उशिरा आलीस की दंड, मग ती सरपंचाची बायको का असेना. नाबार्डनं 1992 मध्ये गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग केला, तेव्हा बँकवाले नाकं मुरडत होते. आज याच गटांना 20 लाखांपर्यंतचं कर्ज तारण न घेता द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपनीचे अध्यक्ष कर्ज मागायला गेले की मॅनेजर विचारतो, संचालकांचा सातबारा आणलाय का? अध्यक्ष म्हणतात, मेव्हण्याला विचारून सांगतो.

मला विचाराल तर गटाची खरी किंमत मे महिन्यात कळते. सोयाबीनचं बियाणं घरचं वापरता येतं. वाण सरळ असतो, पीक स्वपरागी. पण ते उगवंल का, हा प्रश्न. म्हणून बाई ओसरीत गोणपाट पसरते, त्यावर पाणी शिंपडते आणि पोत्यातनं ठिकठिकाणचा मूठ-मूठ दाणा घेऊन शंभर दाणे मोजते. दहाच्या दहा ओळी. निवडून चांगले घ्यायचे नाहीत, फुटका असला तरी आला तसा मांडायचा. यावर गटात हटकून भांडण होतं, कारण प्रत्येकीला आपलं बियाणं चांगलं ठरावं असं वाटतं. मग वरून ओलं गोणपाट, गुंडाळी, सावली, रोज थोडं पाणी. आठवड्यानं उघडायचं आणि मोड मोजायचे. सत्तर आले तर पेरायला हरकत नाही. कमी आले तर तिफणीत जास्तीचं सोडायचं, नाहीतर शेजारणीचं घ्यायचं. 2020 च्या खरिपात विकतचं बियाणं उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात ढिगानं तक्रारी झाल्या, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. ओल्या गोणपाटावर मे महिन्यातच निकाल लागतो. वकील लागत नाही.

गट काढला म्हणून भाव वाढतो, असं मात्र कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या पुढं गेलं. त्याच महिन्यात केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि पुढं भाव आपटला. त्या दहा हजारांच्या आठवणीवर लोकांनी पुढं दोन-दोन वर्षं थप्प्या घरात राखल्या. उंदीर तेवढे सुखी झाले. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. सरकारी खरेदी केंद्रावर गेलं तर ओलावा 12 टक्क्यांच्या वर म्हणून माल परत. नोव्हेंबरात निवडणूक तोंडावर असताना ओलाव्याची मर्यादा 15 टक्के झाली. मग बारदाना नव्हता. लोकशाहीत सगळं एकदम मिळत नसतं.

भाव दिल्लीत ठरतो, पण त्याखालची कटकट गावात ठरते, आणि तिथं गटाला वाव आहे. लातूरला नमुन्याच्या पोटलीत एक भाव निघतो, सौद्यात दुसरा. आपल्या मालात माती किती, डागी किती, ओलावा किती, हे बाजारात पोचायच्या आधी माहीत असलेला माणूस आणि मशीन टोचल्यावर कळलेला माणूस यांच्या तोंडावरच फरक दिसतो. एक चाळणी, एक ओलावा मोजायचं मशीन, एक खरा काटा. एवढं गावात असलं तर क्विंटलमागं सुटणारा पैसा गावात राहतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे: माल गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल घ्या, सहा टक्के व्याज. पण पाच पोती घेऊन एकटा शेतकरी गोदामाकडं जात नाही, भाडंच अंगावर येतं. पन्नास जणांची मिळून एक गाडी भरली तर जमतं. यात उद्घाटन करण्यासारखं काही नाही, ही या कामाची मोठीच अडचण आहे. काट्याची फीत कोण कापणार?

आमच्याच जिल्ह्यात बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि काष्टी कोथिंबीर यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. असं मानांकन एकट्या माणसाला मिळत नाही, अर्ज करायला उत्पादकांची संस्था लागते, वर्षानुवर्षं कागद लागतात. पण मानांकनानं नाव राखलं जातं, गिऱ्हाईक येत नाही. डाळ निवडायची, पुड्यात भरायची, पुण्यात पोचवायची आणि पुढच्या वर्षी तीच चव द्यायची, हे काम प्रमाणपत्राला फ्रेम करून झाल्यावर सुरू होतं. बहुतेक ठिकाणी फ्रेमपर्यंत उत्साह टिकतो.

हल्ली नवी टूम निघालीय. कंपनीचे तीनशे भरेनात म्हणून अध्यक्ष लोक गटांच्या बैठकीला जायला लागलेत. गावातल्या गटांचा अख्खा ग्रामसंघच सभासद करून टाकला की एका दमात आकडा पुरा. अशाच एका बैठकीची हकीकत कानावर आली. अध्यक्षांनी महिला सक्षमीकरणावर लांबलचक भाषण केलं. ते संपल्यावर कोपऱ्यातली एक मावशी म्हणाली, "ते समदं बरं हाय दादा, पर काटा कुणाच्या ताब्यात ऱ्हाईल? आन् बँकेत सह्या कुणाकुणाच्या?" अध्यक्ष म्हणाले, ते पुढच्या मीटिंगला ठरवू. सचिव बाईनं इतिवृत्ताची वही उघडली आणि मोठ्यांदा वाचत लिहिलं, "पाहुणे अर्धा तास उशिरा आले. दंड दहा रुपये."

अध्यक्षांकडं सुट्टे नव्हते.