बाराशे सीसीची डरकाळी

पिंट्याशेठ घरी पोहोचायच्या आधी त्यांचा आवाज पोहोचतो. रंकाळ्याच्या वळणावर त्यांनी गिअर पाडला की इकडं त्यांच्या आई 'आला गं बाई' म्हणत आमटी गरम करायला ठेवतात.

गाडी म्हणजे जुनी स्विफ्ट. इंजिन ११९७ सीसी, सिलिंडर चार, मागच्या काचेवर 'नाद करायचा नाय'. कंपनीचा सायलेन्सर म्हणजे शेठच्या मते गाडीच्या तोंडात कोंबलेला बोळा. त्या डब्यात काय असतं हे ते कुणालाही, न विचारता, सांगतात. आत कप्पे आणि भोकाभोकांच्या नळ्या. तिथं आवाजाच्या लाटा एकमेकींवर आदळून गार होतात. त्याच्या अलीकडचा रेझोनेटर एका ठरावीक पट्टीची घरघर गिळतो. शेठनी दोन्ही उडवले आणि आरपार नळी बसवली, भोवती ग्लासवूल भरलेली. हळूहळू ते वूल जळून गेलं आणि आवाज पार फाटला. शेठ म्हणाले, "आत्ता कुठं सेट झाला बघा."

त्यांना हवी होती मस्टँगच्या व्ही-एटची गडगड. आता त्या इंजिनात एकेका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट कमी-जास्त अंतरानं होतात, त्यातनं ती गडगड येते. स्विफ्टचे चार बिचारे सरळमार्गी, सारख्या अंतरानं फुटणारे. हे मी समजावलं तर म्हणाले, "म्हणून तर हेडर बदलतोय!"

खरी गंमत हायवेला. चार सिलिंडर म्हटल्यावर इंजिनाच्या एका फेऱ्यात दोन स्फोट. तीन हजार आरपीएमला सेकंदाला शंभर. रेझोनेटर नसला की ते शंभरच्या शंभर केबिनमध्ये मुक्कामाला येतात. कराडपर्यंत आम्ही ओरडून बोलतो, पुढं खुणांनी.

"ओढ वाढली का हो?"

"फील वाढला."

कायद्याचं कलम शेठना तोंडपाठ आहे. १९०(२): दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. म्हणून तर मूळ सायलेन्सर माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवलाय. जप्त सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात, तो व्हिडिओ मात्र त्यांना शेवटपर्यंत बघवला नाही.

परवा मुलगी बघायला गेलो. गाडी मुद्दाम दोन गल्ल्या अलीकडं लावली. दारातच मुलीचे वडील म्हणाले, "या, या. आवाजावरनं म्हटलंच, आले पाव्हणं." शेठचा चेहरा पडला. मध्यस्थ चपला काढण्यात नको तेवढा वेळ घालवू लागला.

मुलीनं पोह्यांची बशी पुढं केली आणि हळूच विचारलं, "रेझोनेटर काढलासा वाटतं? तीन हजाराला डोकं उठत असंल."

वडिलांचं गॅरेज आहे, हे मध्यस्थ सांगायचाच राहिला होता. याद्या झाल्या. वरातीला डीजे सांगायचा नाही, यावर तर दोन्ही घरांचं पहिल्या बैठकीतच एकमत झालं.